मानमोडीचा उन्हाळा

१२ मार्च १९५८
कावीळ उतरली, जाताना अंगातलं बळही घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पावसापर्यंत गावी पडून राहा. ऑफिसने रजा दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुभद्रेच्या या घरात मी आजवर मे महिन्याचा पाहुणाच. मुंबईची नोकरी माझी, घर नि गाव तिचं. पडवीत बाज टाकून दिली आहे. तिथून तिला बघत असतो.
उजाडताच खुराडं उघडते. कोंबड्या तिच्या पायांत. एकेकीचा तुरा बघते, शेपटीखाली बघते, पडलेली विष्ठा काडीने उलटून बघते. म्हटलं, हे काय?
"नाडी बघतंय."
हसली नाही. खरंच नाडी बघत होती.

१५ मार्च
सु.चा दवाखाना (हे नाव माझं, तिला सांगितलेलं नाही). आजची रोगी: तुऱ्यावर फोड आलेली एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली. खोबरेलात हळद कालवून कापसाने लावली. उवांना चुलीतली राख नि वाळवलेला निरगुडीचा पाला, आंब्याखालच्या खड्ड्यात. कोंबड्या त्यात अशा लोळतात, जशा पर्वणीच्या स्नानाला आल्यात. हगवण लागली तर ताकात ठेचलेली लसूण. अंड्याचं कवच मऊ येऊ नये म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून कुटते. तिसऱ्या आम्ही खातो, शिंपल्या त्या. या घरात वाया काही जात नाही. सध्या मी सोडून.

२१ मार्च
शेजारची लक्ष्मीकाकी पदरात कोंबडी गुंडाळून धावत आली. "गो सुभद्रा, अंडा अडाकला गो हिचा!"
सु.ने कोंबडी कोमट पाण्यात बसवली. बोटाला खोबरेल. पोटाखालून हात फिरवत तिच्याशी बोलत होती, "जरा कळ काढ गो बाय, होतला, होतला." बराच वेळ. मला वाटलं, संपलं. आणि अंडं आलं, अख्खं. काकी रडायला लागली. सु. हसली.
असं हसताना तिला मी कधी पाहिलं होतं? आठवत नाही. लग्नात तर मान खालीच होती.

२ एप्रिल
आज विचारलं. मुंबईला चल, चाळीत खोली मिळतेय, आता एकट्याने खाणावळीत जेवायचं नको.
"आणि ह्यां सगळा?"
"काकीला देऊन टाक. नाहीतर विकू."
पेज वाढली, वर खोबरं जास्त घातलं. सु. रागावली की वाढते जास्त. एवढं मला कळायला लागलंय.

९ एप्रिल
खालच्या वाडीत मर लागली. मानमोडी. कोंबडी झिंगते, मान पिळवटते, संपते. एका घरात एकही उरली नाही.
लोक सु.कडे यायला लागले. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, तोंडाशीच थांबवलं सगळ्यांना. "हेका औषद नाय."
काकी चिडली. "तुझ्याकडे हा गो. लपयतंस कित्या?"
"काकी, फोडांक हा, उवांक हा, अडाकल्या अंड्याक हा. मानमोडयेक नाय. असता तर मियां घराघरांनी वाटला असता."
मग सांगत राहिली. मेलेली वहाळात टाकू नका, खोल पुरा, वर चुना घाला. बाजारातून कोंबडी आणू नका. एकमेकांच्या खळ्यात जाऊ नका. जे ऐकायला आले होते ते ऐकायला मिळालं नाही, म्हणून बरेच जण तोंड वाकडं करून गेले.
तिला चारचौघांत मान देणारे हेच लोक. पाल्याचा रस वाटीत घालून दिला असता तरी मान राहिला असता. नाही दिला.
मला म्हणाली, "वेंगुर्ल्याक गुरांच्या दवाखान्यात टोचतत म्हणे. तुमका जावक जमात?"
जमेल म्हटलं.

११ एप्रिल
वेंगुर्ला. आजारानंतर पहिल्यांदा एवढा लांब. एस.टी.त घाम फुटला, पण गेलो. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर. कंपाउंडर भला माणूस. "लस आहे. पण निरोगी पक्ष्यालाच टोचतो, रोग शिरल्यावर उपयोग नाही. बर्फाची सोय झाली की मी स्वतः येतो."
घरी आलो तर आपल्याच खुराड्यात दोन झिंगताहेत.
सु.ने क्षणभर बघितलं. मग धडधाकट होत्या त्या मलाच पाट्यांत भरायला लावल्या, स्वतः हात लावला नाही. वर काजूच्या बागेत आमचा मांगर आहे, राखणीची खोपी, तिथे न्यायच्या.
"तुमी थयसर रवा. मियां येवचंय नाय. माझ्या लुगड्याक रोग आसा."

१३ एप्रिल
मांगरात. पेज स्वतः रांधतो. करपते. कोंबड्या माझ्याकडे संशयाने बघतात.
सकाळ-संध्याकाळ सु. बागेच्या दगडी गडग्यापर्यंत येते, पलीकडेच उभी राहते. तिथून ओरडून,
"पाणी बदाललात?"
"बदललं!"
"तुरे बघल्यात?"
"लाल आहेत!"
"समद्यांचे?"
परत जाऊन बघून येतो. एवढं तर आम्ही लग्नापासून कधी बोललो नव्हतो.

१४ एप्रिल
काळी गेली. सु.ची सगळ्यात जुनी, प्रत्येक खेपेची पिलं तिनेच उबवलेली. रात्रभर... "मांडयेर घेवन बसललंय," एवढंच म्हणाली, आणि तोंड समुद्राकडे केलं. खांदे हलत होते.
मी गडग्याच्या अलीकडे. ओलांडायचा नाही म्हणून तिनेच बजावलेलं. नाही ओलांडला. फार जड गेलं.

१६ एप्रिल
कंपाउंडर आला, खांद्याला थर्मास. आधी मांगर, मग वाड्यांतून. मी एकेक धरून दिली, पंख कसा धरायचा ते सु. गडग्यावरून सांगत होती.
काकी म्हणे, सुई टोचून मरतली. सु. लांबूनच, "काकी, माझी पयली टोचल्यानी. बघ जा." काकीने दोन आणल्या. बाकीच्या पोफळीत लपवल्या.

२० एप्रिल
टोचलेल्यांपैकी दोघी पायांनी लुळ्या. सु.ने सांगितलं तसं ताक, लसूण, ओली कणी हाताने भरवली. एक गेली, एक उठली.
विचारलं, ताकाने उठली?
"माका म्हायत नाय."
किती सहज म्हणाली. ऑफिसात हे तीन शब्द बोलणारा एकही माणूस मला भेटलेला नाही.

४ मे
मर ओसरली. घरच्या खुराड्यातली एकही राहिली नाही. मांगरातल्या आहेत. काकीच्या त्या दोन आहेत, लपवलेल्या गेल्या. काकी येऊन सु.च्या शेजारी बसली. सु.ने पहिल्या खुडुकीची पिलं तिलाच देते म्हणून सांगितलं.
सु.ने खुराडं जाळलं, जमिनीला चुना मारला, लुगडं पुरलं, न्हाली, आणि गडगा ओलांडून आली. मला वाटलं कोंबड्यांकडे जाईल. आधी माझ्याकडे आली. डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली, पिवळं आहे का.
"बरे दिसतात," म्हणाली. मग कोंबड्यांकडे.

१८ मे
पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट उद्या. रजा संपली. अंगात बळ आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून जास्तच.
मुंबईला चल, हे मी पुन्हा विचारलेलं नाही. कुठल्या तोंडाने विचारू? आज दुपारी मीच नवं खुराडं बांधत होतो, चिव्याच्या, बारीक बांबूच्या, काठ्यांचं. ती सुंभ धरून होती. म्हणाली, "रवा म्हणान मियां सांगूचंय नाय. पोटापाण्याचा तुमका कळता." सुंभाला गाठ मारली. "पण पावसात पिला जगवक दोन माणसां लागतत."
बंदरावर पोचायचं तर पहाटे उठायला हवं. जेवताना तसं म्हटलं.
"उठयतंय," म्हणाली.
भांडी आवरली, चूल सारवली. मग दारात येऊन उभी राहिली.
"उठवू मां?"
मघाशी 'उठवते' म्हणाली होती, आता 'उठवू ना' असं विचारतेय. अजून तिथेच उभी आहे. मी लिहीत असल्याचं दाखवतोय.