मेरिमच्या सात पिढ्या

आत-बाशी, ता. १२ मे

ती. काल्बूबू एजेस,
धाकट्या तुर्सुनायचा सलाम, वि. वि.

फोन सासूबाईंच्या खिशात असतो, म्हणून हे पत्र बिश्केकच्या टॅक्सीवाल्याबरोबर धाडते आहे. थोरली बहीण आहेस, रागव, पण आधी पुरतं वाच.

माझ्या मेरिमला तपासायला, शाळेत कोणत्या वर्गात घालायचं ते ठरवणारी समिती तालुक्याला आली होती. पोर सात वर्षांची झाली, अजून धड बोलत नाही, बटण लावत नाही, लघवीची जाणीव वेळेवर होत नाही. वर्गात तिच्याशेजारी बसणारी मदतनीस बाई मिळावी, एवढंच मला हवं होतं. सासूबाईंना मात्र भीती, की नणंदेचं लग्न ठरतंय, घरात खोट असल्याचा कागद कशाला करून घ्यायचा! हिवाळाभर त्यांनी मेरिमला मांडीवर घेऊन आपल्या सात पिढ्यांची नावं घोकून घेतली होती. समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी तिला रंग विचारला, तर हिनं सरळ नावंच सुरू केली. सातही, एक न चुकता. अध्यक्षांचे डोळे भरून आले. म्हणाले, माझ्या शहरातल्या नातवंडांना तीन येत नाहीत, जिला सात पूर्वज पाठ आहेत तिला कसली मदतनीस हवी? पुढचं काही न विचारता त्यांनी साधा वर्ग लिहून टाकला.

एजे, खरं सांगते, त्या क्षणी मलाही अभिमान वाटला. मी गप्प बसले.

रागातही थोडी माया शिल्लक ठेव.
तुझी तुर्सुनाय

बिश्केक, ता. २० मे

चि. सौ. तुर्सुनायस, अ. उ. आ.

लंगड्या घोड्यावर झूल घालून बाजारात न्यायचं आणि त्याला कुणी लंगडं म्हणालं नाही म्हणून रडायचं, याला काय म्हणावं? अध्यक्ष भोळा, तुझी सासू धूर्त आणि तू मुखदुर्बळ. तिघांनी मिळून पोरीचं वाटोळं केलंत.

तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, म्हणून सांगते ते ऐक. शरदात पुन्हा अर्ज कर. या खेपेला नावं बंद. तिला जे येत नाही तेच त्यांना दिसू दे. जे येतं ते तासभर झाकलं तर काही बिघडत नाही. मदतनीस मिळाली की हवं तेवढं बोलू दे. माझ्या वर्गातल्या दोन मुलांना मी अशीच मदत मिळवून दिली आहे.

मेरिमला माझा पापा. सासूला सलाम, तोही बेताचाच.
तुझी काल्बूबू

आत-बाशी, ता. २ नोव्हेंबर

ती. एजेस,
सलाम, वि. वि.

शाळेचं काय सांगू? वर्गात एकेचाळीस मुलं, मेरिम शेवटच्या बाकावर. दोनदा तिथेच ओली झाली. पोरांनी बाक लांब ढकललं, आणि तिला वाटलं तो खेळच आहे, ती हसत बसली. बाई वाईट नाहीत, पण म्हणाल्या की चाळिसांना शिकवू की एकीचे कपडे बदलू? महिनाभर ती घरीच आहे.

समितीनं डिसेंबरात पुन्हा बोलावलंय. तू सांगितलंस तसं करते आहे. मी समितीतल्या पाहुण्यासारखी समोर बसते, नावं विचारते, आणि ती गप्प राहिली की शाबासकी देऊन एक मनुका देते. पहिल्या आठवड्यात रडली. बिचारीला वाटायचं आपण चुकीचं म्हणालो, म्हणून आणखी मोठ्यानं म्हणायची. आता जमतं. सासूबाई हे बघून घराबाहेर निघून जातात. काल म्हणाल्या, आजोबांचं नाव गिळायला शिकवणारी आई मी पहिलीच पाहिली.

कधी कधी मला त्यांचंच पटतं. तू ठामपणे लिही, म्हणजे मला धीर येईल.
तुझी तुर्सुनाय

आत-बाशी, ता. १९ डिसेंबर

ती. एजेस,
सलाम.

म्हातारे अध्यक्ष निवृत्त झाले. या वेळी एक तरुण बाई होत्या, घाईत. बाहेर बावीस मुलं रांगेत होती. त्यांनी नाव विचारलं, मेरिम गप्प. रंग विचारला, चित्र दाखवलं, ठोकळे दिले. मेरिम हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला वाटलं, छान चाललंय. मग बाईंनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिताच सांगितलं, की मुलगी शिकण्याजोगी नाही. शाळा बंद. एक तर सहा तासांवरच्या निवासी संस्थेत ठेवा, नाहीतर जन्मभर घरी सांभाळा.

मी उठलेच. म्हटलं, थांबा, हिला येतं, हिला सात पिढ्या पाठ आहेत, जुन्या कागदावर बघा. बाई म्हणाल्या, मग म्हणू दे. मी मेरिमसमोर गुडघ्यावर बसले. म्हटलं, म्हण बाळा, आता म्हण, सगळी म्हण. बापाचं नाव मीच सुरू करून दिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. एजे, तिला वाटलं मी घरच्यासारखीच परीक्षा घेते आहे. ओठ घट्ट मिटून ती इतकी खूश होऊन हसली, आणि मनुकेसाठी तिनं हात पुढे केला.

बाईंनी शिक्का मारला.

तुझी चूक म्हणत नाही, शिकवलं मी. पण या वेळी सल्ला लिहू नकोस. तुझा लोभ खरा असेल तर नुसती ये.
तुर्सुनाय