टाकीखालचा डबा

७ मे
पडला! सकाळी आकडा एकदम खाली! आकाशातून बारीक कण येतात, छतातून, आपल्यातून आरपार जातात. माझा डबा ते मोजतो. सूर्यावर मोठं वादळ झालं की ते अचानक कमी होतात, मग हळूहळू वाढतात. दोन महिने तेच पकडायला बसले होते. बैठकीत पाहुणे येणार म्हणून परवाच डबा वरच्या खोलीत हलवला — लाभला म्हणायचा.

८ मे
अमरावतीला माझ्या गाईड रागिणी मॅडमना आलेख पाठवला. खूश! पंचवीस तारखेच्या सेमिनारला माझं नाव टाकलं. हेच कण मोजणाऱ्या दुसऱ्या केंद्रांचे आकडेही बघून घे म्हणाल्या. बघीन, घाई काय.

१० मे
आकडा रोज थोडा चढतोय. अगदी पुस्तकातल्यासारखा.

१२ मे
बुद्धपौर्णिमा. वंदना, खीर, पंचवीस माणसं. तेल्हाऱ्याची आत्या पोरासोरांसकट, सगळ्यांच्या आंघोळी इथेच. संध्याकाळी पाहिलं — आकडा एका दिवसात पार वर. असा कसा?

१३ मे
सकाळी सहाला आईची हाक — "दीपे, नळ आला, मोटर लाव!" लावली. वर आले, तर आकडा उतरून राहिलेला.
डब्याच्या बरोब्बर वर, गच्चीवर, हजार लिटरची टाकी. भरली की पाणी कण अडवतं. पाहुण्यांनी उपसली तर आकडा चढला. भिंतीवर कॅलेंडरात आईच्या नळाच्या खुणा — सात, तेरा. सूर्य कुठला, नळ! दुसऱ्या केंद्रांचे आकडे आत्ता उघडले. तिथे काहीच नाही.

१५ मे
मॅडमना फोन केला नाही. सेमिनार हातचा जाईल. लाज वाटते, आणि मोहही सुटत नाही. आईनं ओळखलं. "चुकलं तं सांगून टाक. काहून धरून बसली?"

१६ मे
अमरावतीला जाऊन सांगितलं. मॅडमनी सेमिनारमधून नाव काढलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "डबा तिथेच ठेव. आईंच्या नळाच्या तारखा लिही. टाकी वजा करता आली, तर उरेल ते तुझं."
एसटीत मूर्तिजापूरपर्यंत रडले. मग भूक लागली.

२५ मे
आज सेमिनार. मी इथे. नळ आला, आकडा पडला. तारीख लिहिली.

१ जून
काल नळाचा दिवस होता. आला नाही. आई बादली घेऊन शेजारी गेली. गच्चीवर चढून पाहिलं, टाकी ठणठणीत कोरडी.
आणि आकडा पडलाय. आज आधी दुसरी केंद्रं पाहिली. सगळीकडे पडलाय.