बारा की सव्वीस

५ नोव्हेंबर, बुधवार

जुना कॉम्प्युटर गेला! चालू केला, जळका वास आला, संपलं. माझ्या वडिलांचा, नानाजींचा, गुणमिलनाचा प्रोग्राम त्याच्यावर होता. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत आहे, पण वेळ बघा — परवाच नानाजींनी माझ्या मुलीची, वैष्णवीची, पत्रिका किन्हीराजा गावच्या आदर्शशी जुळवली. सव्वीस गुण. मुलाचे काका नथ्थूभाऊ शेजारी बसून पडद्यावर पाहत होते. प्रिंटरची रिबन संपलेली, म्हणून कागद छापायचा राहिला.

अन् मुलाकडच्यांना कागदच पाहिजे. मेडशीपासून किन्हीराजापर्यंत तीच रीत पडली आहे. नानाजींच्या कॉम्प्युटरचा कागद हातात आला की मगच साखरपुड्याची बोलणी.

नथ्थूभाऊ फोनवर — "म्या डोयानं पाह्यलं राजूभाऊ, पण घरच्या बाया म्हंतीन, कागद कुठी हाय?"

६ नोव्हेंबर

वाशीमहून हरीओम आला. माझ्या कॉम्प्युटर क्लासचा जुना विद्यार्थी, आता तिथं दुरुस्तीचं दुकान आहे. नवं मशीन बसवलं. प्रोग्राम उघडेना! कारण मला माहीत असायला हवं होतं. प्रोग्राम नव्वदच्या दशकातला, त्या वेळच्या सोळा-बिट प्रोसेसरसाठी लिहिलेला. जुन्या मशीनवर लिनक्समधली व्हीएम-एटीसिक्स नावाची एक हाक, म्हणजे यंत्रणेला द्यायचा आदेश, होती. ती दिली की प्रोसेसर स्वतः जुन्या पद्धतीत शिरून ते काम करायचा. नव्या चौसष्ट-बिट मशीनवर ती हाकच नाही. हरीओमनं तोड काढली — जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम, अन् त्याच्या पोटात नानाजींचा.

नक्कल. शब्द मनातून जात नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

नानाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं, पट्टी आहे. म्हणून आज पहिल्यांदा मीच बसलो. एरवी ते त्या खुर्चीवर कुणालाच बसू देत नाहीत. माहिती भरली, एंटर दाबलं.

बारा!

पुन्हा भरली. बारा. छत्तीसपैकी निदान अठरा लागतात.

बायकोला, योगिनीला, सांगितलं तर ती माझ्यावरच — "तुमी पोरीचं लगन जमवून राह्यले का कॉम्प्युटरचं?" बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या वैष्णवीनं.

संध्याकाळी आठवलं. हरीओमची बहीण रुचिका — तिचं स्थळ गेल्या वर्षी याच आदर्शला सांगून गेलं होतं! जमलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

हरीओमला फोन केला. आडून विचारलं, प्रोग्रामला हात लावला होता का?

"सर, मायावर शक घेऊन राह्यले काय?"

"नाही रे." खोटं बोललो. त्यालाही कळलं.

पुरावा नसताना एखाद्याला चोर ठरवायला मला किती वेळ लागला? एक संध्याकाळ. तरी शंका गेली नाही, हेही इथं लिहायलाच हवं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पंचांग घेऊन आठही कूटांचे गुण हातानं मांडले. बारा. मग क्लासच्या कपाटातला बत्तीस-बिटचा जुना लॅपटॉप काढला. त्यावर ती जुनी हाक अजून चालते. नक्कल नाही, खुद्द प्रोसेसर. तिथंही बारा!

हरीओम निर्दोष. म्हणजे बारा खरे — मग सव्वीस कुठून आले? त्या दिवशी खुर्चीवर एकच माणूस होता.

माझ्या बापावर संशय घेतोय मी.

१२ नोव्हेंबर

नानाजींची पट्टी सुटली. म्हटलं, तुम्हीच एकदा जुळवून दाखवा. मागे उभा राहिलो. त्यांनी सावकाश सगळं भरलं, अन् एंटरच्या आधी हात नकळत वर गेला — एफ-टेन. पडद्यावर भलताच मेनू उघडला. नव्या मशीनवर ती कळ बाहेरच्या विंडोच्या मेनूची आहे, आतल्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही.

"हे काय उघडून राह्यलं रे?"

"नानाजी, एफ-टेन कायले दाबलं?"

नानाजींनी कळफलकावरून हात काढला. मग हसले! अकोल्याच्या ज्या पोरानं प्रोग्राम लिहिला, त्याच्याकडून मुद्दाम करून घेतलं होतं. ती कळ दाबली की गुण अठराच्या वरच येतात.

"म्हणजे इतकी वर्षं लोकांना फसवलं?"

"फसवलं? म्या एसटीनं जाऊन घर पाहो, पोरगं पाहो, मंगच दाबो. त्या छत्तीस गुणात सासू कुठी असते, सांग बरं मले!"

मला हसू आलं. मग हसू आल्याचा राग आला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस स्वतःशी भांडलो. किन्हीराजाला स्वतः जाऊन आलो होतोच. आदर्श निर्व्यसनी, शांत. घर नीट. सासूही बरी वाटली. मग आकड्यापायी चांगलं स्थळ सोडायचं? माझा तरी गुणांवर विश्वास आहे का? नाही. मग खोटा आकडा छापला तर कुणाचं काय बिघडतं? उत्तर सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नसेल, असं धरून चाललो.

एफ-टेनवरचा विंडोचा मेनू बंद केला, म्हणजे कळ आतल्या प्रोग्रामपर्यंत पोचेल. नवी रिबन घातली. एफ-टेन दाबलं. सव्वीस. नथ्थूभाऊ येऊन कागद घेऊन गेले. जाताना वैष्णवीला म्हणाले, "आता आमच्या घरची झाली तू!" ती आत निघून गेली. लाजली असेल.

१५ नोव्हेंबर

सकाळी चहा घेताना नानाजी म्हणाले, "दाबायच्या आधी पोरीले इचारलं ना? म्या तर आधी पोरीलेच इचारो. तिनं हो म्हटलं तरच दाबो. वैष्णवीच्या वक्ती तू इचारलं असशीन म्हून दाबलं."

मी सगळ्यांना विचारलं होतं. हरीओमला, पंचांगाला, दोन-दोन मशीनना.

वैष्णवीकडे गेलो. तिनं वर पाहिलं नाही. "बाबा, बारा आले तवा मले किती बरं वाटलं होतं."

कागद पुन्हा छापला. एफ-टेन दाबलं नाही. बारा. तो घेऊन किन्हीराजाच्या बसची वाट पाहतोय.