टेकडीच्या पायथ्याशी ठेवलेला अर्ज

मी, वॉरी स्किलिकॉर्न, विधवा, मेथडिस्ट प्रार्थनामंदिरातली प्रवचनकार, राहणार पील, आइल ऑफ मॅन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. राग त्याहून ठिकाणावर आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

बंदरावरचं घर, बँकेतली शिल्लक आणि नवऱ्याची होडी माझा मुलगा फिनलो याला. त्याने इथे राहायला यावं अशी अट नाही. सोळाव्या वर्षी मारामारी केली म्हणून न्यायालयाच्या हुकमाने त्याला ओणवा धरून बर्चच्या फांद्यांनी फोडला. तेव्हापासून तो लिव्हरपूलला असतो. खानावळीतसुद्धा पाठ भिंतीला लावूनच बसतो.

माझा धाकटा भाऊ ईअन क्रेलिन, टिनवाल्डचा, म्हणजे आपल्या बेटाच्या विधिमंडळाचा सभासद. फिनलोच्या फटक्यांविरुद्धचा अर्ज मी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क आयोगाकडे पाठवायला निघाले, तेव्हा हाच माझ्या स्वयंपाकघरात धुरावलेली हेरिंग मासळी चापत म्हणाला, "ताई, घरची लक्तरं परक्याच्या वेशीवर कशाला? आधी आपल्या टेकडीवर ठेव. वाडवडिलांची रीत आहे."

मी १९७६च्या उन्हाळ्यापर्यंत थांबले. टिनवाल्डच्या दिवशी, वर्षातून एकदा ते टेकडीवर उघड्यावर भरतं तेव्हा, लव्हाळं पसरलेल्या वाटेने जाऊन टेकडीच्या पायथ्याशी अर्ज ठेवला. त्यांनी तो अदबीने घेतला, अदबीने फेटाळला. मग स्ट्रासबर्गला लिहिलं. उत्तर आलं: तुमच्या बेटावरच्या माणसांनी स्वतः अर्ज करण्याच्या परवानगीची मुदत हिवाळ्यातच संपली, लंडन सरकारने ती वाढवलेली नाही.

नाताळच्या जेवणात ईअन हसला. "मुदत संपणार हे मला ठाऊक होतं गं. बेटाची अब्रू राखली."

"आणि पोराची पाठ?"

"भरली असेल की एव्हाना!"

हक्क माणसाला जन्माने मिळतात, असं मी आयुष्यभर व्यासपीठावरून गर्जत आले. आमचे तर लंडनहून यायचे, दुधाच्या बाटलीसारखे, तारीख घालून. फटक्यांचा कायदा मात्र आजही जिवंत आहे. त्याला कुणी मुदत घातली नाही.

पुस्तकं पीलच्या वाचनालयाला. बायबल फिनलोला, उघडणार नाही, तरी असू दे.

ईअनला स्वयंपाकघरातली ती खुर्ची, जिच्यावर बसून त्याने मला थांबायला सांगितलं. आता त्याने थांबावं.

माझ्या अंत्यविधीची व्यवस्था पाहील माझी शेजारीण ब्रीशा कॉर्लेट. ईअनने शवपेटीला हात लावू नये. तो चार शब्द बोलायची परवानगी मागेलच. बोलायची त्याला भारी हौस. ब्रीशा, आवाज चढवू नकोस. अदबीने सांग, "कळवण्यास खेद होतो, मुदत संपली आहे."

हे मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

वॉरी स्किलिकॉर्न
साक्षीदार: ऑरी किनविग, जाळी विणणारा, एलिश मिल्क्रीस्ट, परिचारिका
पील, ३ मार्च १९९१