मोहाखालचा खराटा

प्रिय वत्सलाबाई,

जय भीम. तुम्ही गेल्यावर आज पहिल्यांदा मोहाची फुलं वेचायला गेले. घरी येऊन टोपली ठेवली आणि लिहायलाच बसले. सांगू कोणाला? थोरली जाऊ एकच होती मला!

मागच्या वर्षीची गावाची बैठक आठवते? फुलं वेचायला जागा साफ हवी, पण मोहाखालचा पाला जाळायचा नाही, झाडून काढायचा, असं ठरत होतं. आग उतरणीवर गेली की सागाची नवी रोपं जळतात. जिल्हा नवा झाला, साहेब नवे आले, पण डोंगर आपल्यालाच राखायचा! माणसांनी माना डोलावल्या. तुम्ही एकट्या उठलात. "नाई! झाडन कोन? बायाच ना? मंग आमाले काऊन नाई विचारलं?"

एकाचाही नकार असला की आपल्याकडे ठराव होत नाही. झाली पंचाईत! पाळीपाळीनं सगळ्यांनी एकेकाचं झाड झाडायचं, माणसांनीही खराटा धरायचा, हे कबूल करून घेतलंत तेव्हाच बसलात. किती हसलो आपण बाया!

आणि पावसाळ्यात तापानं गेलात. एवढी कसली घाई होती हो?

यंदाच्या बैठकीत तुमचे मालक उभे राहिले. "वत्सला गेली. आता कोनाचे उपकार नाई पाह्यजे मले. माहं एक झाड जाळू द्या."

तुमचं झाड तर अगदी उतरणीच्या कडेला! पण दुःखातल्या माणसाला नको कोण म्हणणार? दादाजी माझे थोरले दीर; भासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तुम्ही असतात तर बोलल्या असतात. खरं सांगते, तुमचाच राग आला मला!

शेवटी मीच उठले. "नाई, दादाजी. आमी सारे येतो. उपकार नोहे हा, पाळी आहे."

ते बैठकीतून उठून निघून गेले. भाऊ-भाऊ तोडले की काय मी?

आज सकाळी आम्ही खराटे घेऊन गेलो, तर दादाजी आधीच तिथं! अर्धं झाड झाडून झालं होतं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उशीर काऊन केला? अन् उद्या कोनाची पाळी?" मी पदरात तोंड लपवून रडले. उतरणीवरची रोपं कमरेएवढी झालीत, बाई. बघायला हव्या होतात!

आता शब्द देते. बैठकीत तुमची जागा रिकामी राहणार नाही. पटलं नाही तर उभी राहून सांगीन, समोर कोणीही असो. आणि दादाजींना एकटं जेवू देणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
शेवंता