कानटोप्यांची टोपली

बसवनगुडी, बंगळूर
१५ डिसेंबर २०२५

ती. प्रमोदिनीआत्यास शि. सा. न. वि. वि.

आधी चूक दुरुस्त करते, मग ख्यालीखुशाली. आईबाप कानटोप्या घालून पाठवत नाहीत म्हणून आमच्या बालवाडीतली मुलं कुडकुडतात, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं आहे. गेल्या आठवड्यापासून फाटकावर माझी पाळी आहे. जवळजवळ प्रत्येक मूल टोपी घालून येतं. आम्हीच ती काढून टोपलीत टाकतो आणि घरी जाताना परत देतो. रोज प्रार्थनेचा फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो. टोप्यांत सगळी मुलं सारखीच दिसतात, अशी तक्रार आली होती म्हणे.

प्रार्थनेचा हॉल उन्हाळ्यासाठी बांधलेला आहे. छताखाली सिमेंटच्या जाळ्या, त्यांना झडपा नाहीत. खाली काळी फरशी आणि बूट बाहेर. बारा वाजता अंगणात छान ऊन येतं, म्हणून सगळे म्हणतात, बंगळुरात थंडी कुठली!

ईशान नावाचा एक चिमुरडा हातच जोडत नाही. दोन्ही तळवे कानांवर दाबून उभा राहतो. आमच्या मुख्याध्यापिका भव्या मॅडम रोज त्याचे हात खाली ओढतात. आज ते काम मला सांगितलं. मी केलं.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहिलं. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
शमिका


निपाणी
२० डिसेंबर २०२५

चि. शमिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखन ठीक आहे, वागणं तपासायला हवं.

शाळेत घालण्याआधी तुला मीच घरी शिकवलं, ते गोधडीत बसवून, कान बांधून. कान उघडे असले की बाराखडी विसरते, असं तू मला बजावायचीस. चुकलेलं पान मी पुन्हा लिहायला लावायचे, म्हणून आज पत्रातली चूक बरोबर सापडते तुला. आणि टोपली मात्र हातात तशीच! हे मी शिकवलेलं नाही.

बाईंना आधी नीट विचार. काल उमाकांतदादा येऊन बजावून गेला की जानेवारीअखेर तुझी नोकरी कायम व्हायची आहे, तोवर माझ्या पोरीला भलतंसलतं सुचवू नकोस. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा तेवढा तरी उपयोग!

सोबत एक कानटोपी पाठवते आहे, मिरचीसारखी लाल. माप मोठ्या डोक्याचं आहे. तब्येत जप आणि म्हाताऱ्या आत्याला धरून राहा.

तुझी,
आत्या


बसवनगुडी, बंगळूर
६ जानेवारी २०२६

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

टोपी मिळाली. मला बसते.

सुट्टी संपून काल शाळा उघडली आणि मी लगेच विचारलं. फोटोपुरत्या टोप्या काढू, पुन्हा घालू, असंही सुचवलं. मॅडम म्हणाल्या, स्वल्प गारव्यानं मुलं काटक होतात, आणि माझा कायम होण्याचा कागद अजून त्यांच्याच टेबलावर आहे. हे सांगताना त्यांनी शाल सारखी केली. पण नेहमीसारखा ‘सरी मॅडम’ म्हणून होकार भरला नाही.

बाबांना मी स्वतःच कळवलं. ते म्हणाले, आत्यानं तुला बिघडवलं. मी म्हटलं, आत्यानं काहीच सुचवलेलं नाही, टोपीचं माप तेवढं लिहिलं आहे. असं सांगण्याआधी तुझं पत्र पुन्हा वाचून घेतलं होतं.

भीती वाटते, ती लपवत नाही. नोकरी गेली तर निपाणीला येईन, गोधडी तयार ठेव. पण ईशानचे हात मी पुन्हा खाली ओढणार नाही. फाटकावरची पाळी पुन्हा माझ्याकडे येते आहे. टोपली रिकामीच आत नेईन. मुलं टोप्यांसकट प्रार्थनेला उभी राहतील आणि त्यांच्या मधोमध मी, तुझ्या लाल टोपीत. फोटो रोजच्यासारखा सगळ्या पालकांना जाऊ दे. निदान माझा चेहरा तरी कुणाला शोधावा लागणार नाही.

इतके दिवस केलीस तशीच माया पुढेही कर.

तुझी,
शमिका

ता. क. दिवस लिहायचा राहिला. सोमवार, बारा जानेवारी.