मुलगा काय करतो?

प्रिय चेतन,

तुझं साक्षगंध तोंडावर आलं आणि घरात कामाचं माणूस एकच, तुझी आई. मी फक्त तिच्या पायात पायात येतो. शेवटी वैतागून तिने मला एकच काम दिलं. तुला ठाऊक आहे, आपल्यात साक्षगंधाला मुलगा-मुलगी पाटावर बसली की मुलीकडचा सर्वांत वडीलधारा माणूस भर मांडवात विचारतो, "मुलगा काय करते गा?" आणि मुलाच्या बापाने उभं राहून साऱ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं. माहीत सगळ्यांना आधीच असतं, पण मांडवात बोललं की ते पक्कं. आई म्हणते, "एका वाक्याचं काम हाये, तेवढं तरी नीट करा." तेव्हापासून मी ते वाक्य घोकतो आहे आणि ते काही तोंडात बसत नाही.

तुझ्या आजोबांच्या वेळी पणजोबांनी उभं राहून सांगितलं होतं, "घरी दोन माग हायेत." झालं, विषय संपला. त्या काळी उमरेडात आपल्या सगळ्या गल्लीत धोट्याची खटखट चालायची. नवरा विणणार, बायको कांड्या भरणार, त्यामुळे एवढ्या उत्तरात येणाऱ्या सुनेचं कामसुद्धा ठरून जायचं. माझ्या वेळी आजोबा उठले ते छाती पुढे काढून. "पोरगा कोळसा खदानीत लागला," म्हणाले, आणि मांडवभर माना डोलल्या. आता मी होतो ठेकेदाराकडे, काट्यावर, ट्रकची वजनं घ्यायला. पण खदान म्हटल्यावर पुढचं कोणी विचारलं नाही आणि आजोबांनीही आपण होऊन सांगितलं नाही. तुझी आई अजून म्हणते की तिला साहेब दाखवला आणि काटेवाला दिला.

हल्ली मात्र हे उत्तर देणाऱ्या बापांची पंचाईत झाली आहे. नत्थूजीच्या आयुषच्या साक्षगंधात तू नव्हतास. नत्थूजी उठून म्हणाला, "पोरगा रिसॉर्टमधी हाये." तर तिकडच्या म्हाताऱ्याने कानावर हात ठेवून विचारलं, "म्हंजे हॉटेलात कपबशा धुते का?" नत्थूजीने त्याला समजावता समजावता पंगत थंड झाली. तो स्वतः खदानीत डंपर चालवायचा आणि आता जंगलात जिप्सी चालवतो. अजूनही वळणावर असं लांबून वळवतो की पर्यटकांना वाटतं मागे ट्रेलर लावलेला आहे. आपल्या शेजारच्या गणपतरावांचं तर वेगळंच. त्यांचा माग त्याच रिसॉर्टवाल्यांनी व्हरांड्यात नेऊन बसवला. पाहुणे फोटो काढतात म्हणून त्यांना सांगितलं आहे, हळू विणा आणि पातळ संपवू नका. परवा मला म्हणाले, "बाबनराव, जिंदगीभर जल्दी विणाची घाई होती गा. आता संपलं तं रागावते!" हसले, पण त्यांना ते लागतं. करवतकाठीचं अर्धं पातळ मागावर ठेवून रोज घरी यायचं म्हणजे विणणाऱ्याला जेवण गोड लागत नाही.

आईचंही तसंच. पूर्वी भिवापूरच्या सातऱ्यावर, त्या मोकळ्या खळ्यावर, मिरचीचे ढीग पडायचे आणि शेकडो बाया देठ खुडायला बसायच्या. तू लहानपणी तिच्या हाताला हात लावून डोळे चोळायचास आणि गल्ली डोक्यावर घ्यायचास. आता सातरे कमी झाले. आई बचत गटात मिरची दळून पाकिटं भरते, हातमोजे घालते, आणि मला सांगते की हातमोज्यांनी मिरची कळत नाही. गटातल्या सगळ्या बायांना तिने तुझं इतकं ऐकवलं आहे की मिरचीपेक्षा तुझी कंपनीच जास्त दळली जाते. माझा पोरगा पुण्याले कंपनीत, काचेच्या बिल्डिंगीत, वगैरे. तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो रे. तो चेहरा बघितल्यामुळेच मी इतके दिवस गप्प राहिलो.

तर आता सांगतो. ठेका संपल्यावर पन्नाशी उलटताना मी जंगलातल्या गाईडचं शिक्षण घ्यायला पोरासोरांत बसलो, पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ केली, हे तुला माहीत आहे. माझी एक खोड मात्र तुला माहीत नसेल. गाडीत पुण्याचं कोणी असलं की मी वाघाआधी तुझ्याबद्दल सांगतो. संक्रांतीनंतर एकदा करांडल्याच्या जंगलाच्या गेटवर चार जण आले, दोन मुली, दोन मुलं. बोलण्यातून कळलं की तुझ्याच कंपनीतले. मग काय विचारता! मी मागे वळून बसलो आणि म्हणालो, माझा मुलगा तुमच्याकडेच आहे, चेतन, उमरेडचा. चौघं एकमेकांकडे बघू लागली. त्यातली चष्मेवाली मुलगी म्हणाली, "काका, चेतन खूप चांगला होता. पण दिवाळीआधी आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच जणांना काढलं ना..." आणि थांबली. मला हे माहीत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं.

बरोबर त्याच वेळी पाणवठ्याकडून वाघीण रस्त्यावर आली. बछडे घेऊन, अगदी निवांत. असं वर्षातून कधीतरी दिसतं. चौघं उभी राहिली आणि मी तसाच मागे तोंड करून बसलेला. नत्थूजीने कोपराने ढोसलं, "बाबनराव, काहून गप्प बसून राहिले? सांगा ना गा लोकायले!" मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही. मला एवढंच दिसत होतं की तू दिवाळीला घरी आलास, आईच्या हातच्या करंज्या खाल्ल्यास, कंपनीने दिलेला म्हणून मिठाईचा डबा दिलास, आणि तेव्हा तुझी नोकरी गेलेली होती. राग आला नाही बाबा. खूप वाईट वाटलं. तो डबा तू कुठल्या दुकानातून आणि कुठल्या मनाने घेतला असशील, हे डोक्यातून जाईना.

आईला काही बोललो नाही. पण काजलच्या बापाला, महादेवरावांना, अंधारात ठेवून मांडवात व्याही म्हणून उभं राहणं माझ्याने झालं नसतं. आई गटाच्या मीटिंगला गेल्याचं बघून मी बस धरली आणि सावनेरला गेलो. महादेवराव नेमके बाहेर गेलेले. काजलने पाणी दिलं, गूळ दिला आणि समोर बसली. मुलीजवळ हे बोलावं की नाही अशा विचारात मी गुळाचा खडा तोंडात घोळवत होतो. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "मामाजी, नोकरीचं सांगाले आले ना? मले माहीत हाये. त्यायनं पहिल्याच भेटीत सांगतलं. बाबालेही माहीत हाये." मी गुळाचा खडा तसाच गिळला. मग ती म्हणाली, "याच्याआधी पाहाले आलेल्या पोरायनं सगळं चांगलं चांगलं सांगतलं. ह्यायनं पहिले वाईट सांगतलं. म्हून तं मी हो म्हटलं." दवाखान्यात रक्त तपासणारी मुलगी, चेतन. तिला माणूस तपासता येतो. मला तिच्यासमोर रडू आलं, आणि ती उठून माझ्यासाठी चहा ठेवायला गेली, उगीच, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

चहाबरोबर तिने बाकीचं सांगितलं. तू पुण्यात स्कूटरवर लोकांची पार्सलं घरोघरी पोचवतोस. रात्री अभ्यास करतोस, मुलाखती देतोस. आणि दुपारी माझा फोन आला की गाडी चालवता चालवताच कानाशी धरून "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. मागे हॉर्न वाजायचे ते मला ऐकू यायचे, आणि मी आईला सांगायचो की त्याची खिडकी रस्त्याकडे असेल. बसमधून परत येताना मी सारखा तुझ्या त्या स्कूटरचाच विचार करत होतो. आम्हाला का सांगितलं नाहीस ते विचारत नाही. आईचा तो चेहरा तुलाही माहीत आहे.

पत्र लिहिलं ते एका गोष्टीसाठी. मला मांडवात उभं राहून म्हणायचं आहे, "पोरगा पुण्याले गाडीवर घरोघरी सामान पोचवते, अन् दुसरी नोकरी पाहून राहिला." हे वाक्य मी घोकायला घेतलं आणि पहिल्या दमात तोंडात बसलं. कोणी माना डोलवो न डोलवो. पण काम तुझं आहे, तेव्हा वाक्यही तुझं. तू हो म्हटल्याशिवाय मी ते बोलणार नाही. तुला ते जड जात असेल तर सांग, आपण दोघं मिळून दुसरं शोधू, फक्त खरं असलेलं. आईला मात्र तुलाच सांगावं लागेल, आणि साक्षगंधाच्या आधी. ती रडेल, मग तू वाळलास म्हणून तुझ्यावर ओरडेल, मग मला आधी कळलं म्हणून माझ्यावर. माझ्यावरचं मी बघून घेईन. हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण त्या क्षणी तू कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वळणावर असशील ते मला इथून दिसत नाही. म्हणून यापुढे माझा फोन आला तर उचलू नकोस. आधी गाडी बाजूला लाव, सावलीत थांब, पाणी पी, आणि मग तू कर. मी वाट बघतो.

तुझाच,
बाबा